अर्ध्यावर ठेवलेले चक्र

मित्रांनो, पवनीकडून येणारा रस्ता खैरबोडीच्या तलावाच्या पाळीला जिथे लागतो, तिथे बेशरमाच्या झुडपांत एक गंजलेले लोखंडी धूड पडलेले दिसेल. म्हशी त्याला अंग घासतात. शाळेत जाणारी मुले त्यावर पाय टेकवून चपलेचा चिखल खरवडतात. ते धूड म्हणजे मी, ओतीव लोखंडाचा एक जुना गेट व्हॉल्व्ह. गावाने मला या नावाने कधी हाक मारली नाही. गावासाठी मी नुसता 'चक्का' होतो.

माझी रचना आधी समजून घ्या, म्हणजे पुढचे सारे समजेल. माझ्या पोटातून पाण्याची नळी आरपार जाते. त्या वाटेत वरून खाली सरकणारे एक जाड पाते असते. डोक्यावरचे चक्र फिरवले की आटे पाडलेला दांडा वर चढतो, पाते त्याच्याबरोबर उचलले जाते आणि वाट पूर्ण मोकळी होते. उलट फिरवले की पाते खाली उतरून दोन पितळी कड्यांमध्ये घट्ट बसते आणि वाट बंद होते. पूर्ण उघडणे आणि पूर्ण मिटणे, एवढीच दोन कामे मला चांगली येतात. यांच्या मधली जागा माझी नव्हे. माझ्या आयुष्याची बरीचशी वर्षे मात्र त्या मधल्या जागेतच गेली.

माझा जन्म दूरच्या एका ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्यात तांबडे, वितळलेले लोखंड ओतले गेले आणि थंड झाल्यावर माझे अंग बाहेर आले. मग यंत्रावर माझी तोंडे सपाट केली, कडी बसवली आणि त्या कड्यांना जुळेल असे पाते घासून तयार केले. शेवटी पोटात पाणी भरून दाब चढवला. सांध्यातून थेंबही आला नाही. तपासणाऱ्या मिस्त्रीने माझ्या पाठीवर खडूने बरोबरची खूण केली आणि तळहाताने एक थाप दिली. त्या थापेची मला पुढे अनेकदा आठवण आली.

तेथून मी मालगाडीने भंडारा रोड स्थानकावर उतरलो आणि भंडाऱ्याच्या सरकारी कोठारात येऊन पडलो. ते दिवस चौऱ्याहत्तर सालचे. कोठारात माझ्यासारखे बरेच होते. आमच्यापैकी कोणाचीच अजून कशाशी जोडणी झालेली नव्हती. व्हॉल्व्हला एकाकीपणा म्हणजे काय, ते तिथे प्रथम कळले. नळी नसली की आमच्या दोन्ही तोंडांना नुसता वारा लागतो.

एके दिवशी मधुकरराव नावाचे तरुण अभियंता आले. खैरबोडीच्या तलावाचे जुने तुडुम, म्हणजे पाळीखालून पाणी सोडण्याची दगडी मोरी, ढासळली होती. तिच्या जागी लोखंडी नळी टाकायचे ठरले होते आणि त्या नळीसाठी ते व्हॉल्व्ह निवडत होते. कोठाराचे रखवालदार ताराचंद मोडक्या खुर्चीत बसून सुपारी कातरत होते.

"साहेब, चक्का म्हणजे चक्का," ताराचंद म्हणाले. "कोनताई उचला. तिथं कोन पाहून राहिलं?"

"लग्नाला मुलगी पाहायला गेला होता, तेव्हाही असंच म्हणालात का?"

"तवा तं बापानंच पाह्यली होती," ताराचंद शांतपणे म्हणाले. "मी दिवाळीले पाह्यली."

मधुकरराव हसले, पण कामाची पद्धत त्यांनी सोडली नाही. माझ्या शेजारी गोल पोटाचा एक व्हॉल्व्ह होता. त्याच्या आत पाणी वळसा घेऊन वर चढते आणि बारीक जागेतून उतरते, म्हणून प्रवाह कमीजास्त करायला तो चांगला. मधुकररावांनी आधी त्याला पाहिले. मग त्यांनी विचार केला, की तलावाच्या पाण्याबरोबर गाळ येणार, पाने येणार, कमळाचे देठ येणार. वळशाच्या वाटेत हे सारे अडकेल. सरळ वाट हवी. दाब फारसा नाही, तेव्हा ओतीव लोखंडाचे अंग पुरेल. झाकण बोल्टांचे हवे, म्हणजे आतले पाते पुढे कधी दुरुस्तीला काढता येईल. दांडा वर चढणारा हवा, म्हणजे उघडे आहे की बंद, हे कोणालाही डोळ्यांनी दिसेल. या सगळ्या प्रश्नांचे उत्तर मी होतो. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. कोणीतरी विचारपूर्वक आपल्याला निवडावे, यासारखा आनंद नाही, मित्रांनो.

एक प्रश्न त्यांनी गावातही विचारला होता. चावडीवर बैठक झाली, तेव्हा "पाणी कसं सोडणार?" असे त्यांनी विचारले. गावातले मोठे धानकरी पुंडलिकराव म्हणाले, "लागलं का उघडाचं, भागलं का बंद कराचं." ते उत्तर माझ्या स्वभावाला अगदी जुळणारे होते. पण त्या बैठकीला ढिवरटोलीतून कोणालाच बोलावणे गेले नव्हते. तलावात जाळे टाकणारी, वर्षभर त्या मासळीवर जगणारी ती घरे पाळीच्या दुसऱ्या टोकाला होती.

पाळीच्या पायथ्याशी विटांची एक खोल कुंडी बांधून त्यात मला बसवले. एका तोंडाशी अख्खा तलाव टेकला, दुसऱ्या तोंडापुढे कालव्यापर्यंत जाणारी रिकामी नळी राहिली. वर लोखंडी झाकण आणि कुलूप. किल्ली पंचायतीचा शिपाई तुलाराम याच्याकडे दिली. तुलारामाकडे धानाची बांधी नव्हती आणि जाळेही नव्हते, म्हणून धानकऱ्यांच्या आणि ढिवरांच्या, दोन्ही टोल्यांना तो आपला वाटे. मधुकररावांनी त्याला बजावून सांगितले, "पूर्ण उघडायचा, नाहीतर पूर्ण बंद. मध्ये ठेवायचा नाही. मध्ये ठेवला की पातं थरथरतं आणि झिजतं."

"हाव साहेब," तुलाराम म्हणाला, आणि त्याने तसेच केले. पहिल्या वर्षी मी एकदा उघडलो, एकदा मिटलो. वर्षाचे बाकी सारे दिवस झाकणाखालच्या अंधारात गेले. वरून बैलांची पावले जात, बाया बोलत जात. मला वाटे, कोणी झाकण उघडून नुसते पाहावे तरी. तुलाराम अधूनमधून येई. दांड्याला ग्रीस लावी आणि काम करता करता माझ्याशी बोले. "कसं काय गा, जीवगिव घाबरते का इथं एकट्याचा?" असे तो विचारी आणि स्वतःच हसे. मला उत्तर देता येत नसे, पण ग्रीस लागलेला दांडा त्याच्या हातात हलका फिरे. तेच माझे उत्तर.

दुसऱ्या वर्षी भांडण पेटले. आश्विनात धान पोटरीवर आले आणि पावसाने दडी मारली. मला पूर्ण उघडले गेले. पाणी सरसर उतरू लागले तशी ढिवरटोली पाळीवर आली. पुढे सखाबाई होती. नवरा गेल्यावर तिने स्वतः मासेमारीचा डोंगा हाती घेतला होता आणि टोलीत तिचा शब्द चाले. ती थेट माझ्या कुंडीच्या झाकणावर येऊन उभी राहिली.

"तुमी तलाव रिता करून राहिले," ती पुंडलिकरावांना म्हणाली. "मंग आमी का जाळ्यात चिखल धराचा?"

"धान पोटरीवर आहे, सखाबाई. आता पानी नाई भेटलं तं तनस बी नाई होनार."

"तनस खाते तुमचा बैल. माही लेकरं मासोळीवर जगतात. रोहूचं बीज आत्ता कुठं बोटाएवढं झालं. उन्हाळ्यात पानी नाई राह्यलं तं ते का झाडावर चढल?"

"तुही मासोळी चढल बी. तुह्यासारखीच तं आहे."

दोन्हीकडचे लोक हसले आणि त्या हसण्याने काठ्या खाली आल्या. मग जाणत्या माणसांनी खैरबोडीचा नेहमीचा तोडगा काढला. त्या गावात सामाईक आंबा असो की बोडीतले, म्हणजे लहान तळ्यातले शिंगाडे, वाटणी नेहमी अर्ध्यावर होई आणि अर्ध्यावरून पुन्हा भांडण होत नसे. ठरले, की चक्का अर्धाच उघडायचा. अर्धे धानाचे, अर्धे मासोळीचे.

तुलारामाने एकदा म्हणून पाहिले, "साहेबानं मंधात ठेवू नोको म्हून सांगितलं होतं."

"साहेब भंडाऱ्यात राह्यते," पुंडलिकराव म्हणाले. "इथं डोकी फुटली तं तो टाके घालाले येनार आहे का?"

पुंडलिकरावांनी पोळ्याला बैलांची शिंगे रंगवून उरलेला तांबडा रंग आणवला आणि माझ्या दांड्यावर बरोबर मध्यावर पट्टा ओढला. सखाबाईने त्याच्यावर जाळ्याचा दोरा गुंडाळून गाठ मारली. मला माझ्या वर चढणाऱ्या दांड्यासाठी निवडले होते. त्याच दांड्यावर गावाचा सलोखा बांधला गेला. त्या क्षणी मला अभिमान वाटला, हे नाकारत नाही.

पण अंगाचे नियम सलोख्याला कळत नाहीत. अर्धे उचललेले पाते प्रवाहात लोंबकळते. त्याच्या खालून पाणी वेगाने निसटते आणि त्याला धक्के देते. पाते आपल्या खाचांमध्ये थडथड आपटत राहते. पाण्यातल्या गाळाची वाळू त्याच्या खालच्या कडेवर आणि खालच्या कड्यावर घासत जाते. दर आश्विनात हे चाले. वर पाळीवर शांतता होती. तुलाराम खूण पाहून चक्र थांबवी, दोन्ही टोल्यांचा एकेक माणूस वाकून पाही आणि मान हलवून निघून जाई. आत मी थरथरत असे. ते ऐकायला कोणी थांबत नसे, आणि पाण्याच्या आवाजात ते ऐकूही आले नसते.

पाऊस चांगला होता तोवर हे झिजणे खपून गेले. मग एका वर्षी हस्त कोरडा गेला. मला अर्ध्यावर उघडले आणि कार्तिकात तुलारामाने मला घट्ट मिटले. दांडा पार खाली गेला. मात्र माझ्या पात्याला आणि कड्याला आता ओरखडे पडलेले होते. त्यांतून पाणी जातच राहिले. कालव्यात बेशरम माजले होते. त्याच्या बुडातून ते गुपचूप पुंडलिकरावांच्या खोलगट बांध्यांत उतरू लागले. धानानंतर तिथे पेरलेली लाखोळीची डाळ हिरवीगार झाली. पुंडलिकरावांना ते दिसत होते. ते बोलले नाहीत.

माघात सखाबाईच्या लक्षात आले, की तलाव फार लवकर खाली चालला आहे. ती कालव्याने चालत गेली आणि ओल्या बांध्या पाहून परत आली. सगळ्यांना बोलावून तिने तुलारामाला कुंडीचे झाकण उघडायला लावले. दांडा खाली होता. सगळ्यांनी पाहिले, की मी बंद आहे.

"आता बंद आहे," सखाबाई म्हणाली. "अन् रात्री?"

"रात्री बी बंदच राह्यते, काकी."

"मंग पानी का उडी मारून गेलं? किल्ली कोनापाशी आहे?"

"माह्यापाशीच आहे."

"तं झालं."

तुलाराम पुंडलिकरावांकडे पाहू लागला. ते आपल्या पागोट्याचे टोक नीट करत होते. "काकी, तुमच्यासमोर आवळतो," असे म्हणून तुलारामाने चक्रात लोखंडी पहार घातली आणि मला सारी ताकद लावून आवळले. माझे कडे करकरले. वाट काही मिटली नाही.

पोटात काय झाले आहे, हे सांगायला माझ्याजवळ तोंडे दोन होती आणि वाचा एकही नव्हती. गावाचा विश्वास माझ्या दांड्यावर होता. दांडा खाली आहे म्हणजे व्हॉल्व्ह बंद आहे, आणि तरी पाणी गेले म्हणजे माणूस खोटा आहे. त्यांचा हिशेब एवढा सरळ होता.

तुलारामाने किल्ली पंचायतीत ठेवून दिली. लोक त्याच्या ओट्यावर येईनासे झाले. त्याची बायको बेबीबाई पाण्याला गेली की विहिरीवरचे बोलणे थांबे. शिमग्याच्या आधी ती दोघे लेकरे घेऊन चिखल्याला मँगनीजच्या खाणीवर कामाला निघून गेली. जाण्यापूर्वी तो माझ्याकडे आला, पण कुलूप होते आणि किल्ली त्याच्याजवळ नव्हती. झाकणावर हात ठेवून तो थोडा वेळ बसला. "जातो गा," एवढेच म्हणाला. ग्रीसचा हात मला पुन्हा लागला नाही.

वैशाखात पाणी नळीच्या तोंडाखाली उतरले. उरलेल्या डबक्यात रोहू आणि कतला एकावर एक दाटले, पाणी तापले, आणि एका दुपारी ते सारे पांढरी पोटे वर करून तरंगले. ढिवरटोलीची पुढच्या वर्षाची आशा त्यातच होती. सखाबाईने ती मासळी पुरायला खड्डा खणला. टोलीतली माणसे तुलारामाचे नाव घेऊन बोटे मोडत होती. मी कोरडा पडलो होतो. एका तोंडाला तलाव नाही, दुसऱ्या तोंडाला नळी रिकामी, दांड्यावर गंज, झाकणावर धूळ. कोठारातही मी एवढा एकटा नव्हतो.

ज्येष्ठात मधुकरराव आले. केस पिकू लागले होते. तलाव कोरडा का पडला, याची पाहणी त्यांच्याकडे आली होती. तुलारामाची हकीकत त्यांनी ऐकून घेतली आणि विचारले, "व्हॉल्व्ह उघडून पाहिला का कोणी?"

कोणी पाहिला नव्हता.

बोल्ट गंजून धरले होते. त्यांवर तेल सोडले, हातोडीने ठोकले, काही छिन्नीने तोडले. माझे झाकण निघाले आणि पाते कित्येक वर्षांनी उजेडात आले. त्याची खालची कड उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखी झाली होती. मधुकररावांनी एका खाचेत आपले बोट घातले. ते आत बसले.

"हे अर्ध्यावर ठेवत होता?" त्यांनी विचारले.

"वाटनी होती, साहेब," पुंडलिकराव म्हणाले. "अर्धं त्यायचं, अर्धं आमचं."

"यातून पाणी गेलं. हा कितीही आवळला असता, तरी बंद झाला नसता. आणि अर्धं उघडलं म्हणजे अर्धं पाणी, असंही याचं नसतं. अर्ध्यावर याच्यातून अर्ध्याहून बरंच जास्त जातं."

सखाबाई पुढे आली. "म्हंजे इतकी वर्सं आमचा वाटा जाऊन राहिला होता?"

"हो."

"आमाले तरी कुठं ठाऊक होतं, बाई," पुंडलिकराव म्हणाले.

"वाट्याचं नसन ठाऊक. या वर्साचं ठाऊक होतं. लाखोळी का दवावर हिरवी झाली होती?"

या वेळी पुंडलिकरावांना नीट करायला पागोट्याचे टोकही सापडेना.

मधुकरराव म्हणाले, "पहिल्या बैठकीला तुमच्या टोलीला बोलवायला हवं होतं, सखाबाई. वाटून घेणार आहात हे कळलं असतं, तर दोन बसवले असते. एक बंद करायला, दुसरा कमीजास्त करायला."

सखाबाईचे तिकडे लक्ष नव्हते. ती पात्याकडे पाहत होती. "तुलारामानं बंदच केला होता मंग," ती म्हणाली. कोणी हो म्हणण्याची तिने वाट पाहिली नाही. "साहेब, हे मले द्या."

"याचं काय करणार? लोखंड आहे, जड आहे."

"टोपल्यात मासोळी बी जडच राह्यते."

तिने मासळीच्या टोपल्यात तणस घातली, त्यावर माझे पाते ठेवले, टोपले डोक्यावर घेतले आणि पवनीच्या वाटेने मोटारीला निघाली. माझ्या अंगाचा जो भाग झिजला होता, तोच माझ्यापासून दूर गेला.

चिखल्याला काय झाले, ते मला पुष्कळ दिवसांनी कळले. तोवर मला कुंडीतून काढून पाळीवर टाकले होते. दोन्ही टोल्यांना बोलावून बैठक झाली होती आणि माझ्या जागी दोन व्हॉल्व्ह बसले होते. सखाबाई बाजारातून परतताना माझ्यावर टोपले टेकवून दम घेत होती. टोलीतल्याच बायाबाईने तिला विचारले, "चिखल्याले गेल्ती म्हने. का म्हने तो?"

"काई नाई म्हने. पातं हाती घेतलं, उलटंपालटं करून पाह्यलं. खाचीतून बोट फिरवलं. मी म्हनलं, बापू, माह्या तोंडातून गेलं ते माघारी घ्याले आली."

"मंग?"

"म्हने, काकी, मोटार चारले आहे, आंधी चहा घ्या. बेबीबाईनं चहा ठेवला. साखर उसनी आनली शेजारून."

"परत येते का नाई?"

"मी म्हनलं, पंचायत किल्ली देते, चाल. म्हने, किल्ली नोको आता. इथं माह्या कामावर कोनी पहारा ठेवत नाई. पातं मात्र ठेवून घेतलं. लेकरं मोठी झाली का दाखवीन म्हने, आपन गाव काहून सोडलं ते."

सखाबाईने पदराने तोंड पुसले, टोपले उचलले आणि दोघी गेल्या.

तुलाराम परत आला नाही. नव्या व्हॉल्व्हांवर नवा माणूस आहे. तो चांगला आहे, पण माझ्याजवळ थांबत नाही. थांबण्याचे काही कारणही नाही. पावसाळ्यात माझ्या रिकाम्या पोटात पाणी साचते आणि उन्हाळ्यात आटते. ते यायला किंवा जायला मला कोणी फिरवावे लागत नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी पुढे अभियंता होईल, कोणी मिस्त्री होईल, कोणी नुसते नळाचे पाणी भरेल. माझी विनंती सगळ्यांना आहे. व्हॉल्व्ह निवडताना पाण्याचा दाब पाहा, गाळ पाहा, नळीचे माप पाहा. आणि ते पाणी ज्यांचे ज्यांचे आहे, त्या सर्वांना बोलावून ते कसे वापरणार हे विचारा. बसवल्यावर त्याच्या स्वभावाविरुद्ध काम घेऊ नका. वर्षातून एकदा त्याचे झाकण उघडून आत पाहा. आणि पाणी कुठे जाते आहे ते कळेनासे झाले, तर कोणाकडे बोट दाखवण्याआधी पाना हाती घ्या. माझे गंजलेले बोल्ट तेल आणि हातोडीने एका सकाळीत सुटले होते. ते माघातही तसेच सुटले असते, आणि तेव्हा तुलाराम अजून गावात होता.